यंत्राच्या पोटातलं यंत्र

१९६४ सालचा नाताळ होऊन गेला होता, नवं वर्ष लागायचं होतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आर्लिंग्टनहून केंब्रिजकडे निघालेल्या बसमध्ये रॉबर्ट क्रीझी नावाचा प्रोग्रामर बसला होता. नोकरी आयबीएमची, पण त्याचा हात तयार झाला होता एमआयटीत. फर्नांदो कोर्बातो यांच्या सीटीएसएस या प्रणालीवर त्याने काम केलं होतं. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, प्रत्येकाने आपापल्या टर्मिनलवर टंकायचं आणि उत्तर तिथल्या तिथे मिळवायचं, हे जगात फार थोड्यांनी पाहिलेलं सुख त्याने अनुभवलेलं होतं. त्या बसमध्ये त्याने ठरवलं की असं काहीतरी आपणच बांधायचं. वर्ष संपायच्या आत कामाला सुरुवातही झाली. पुढे आठवण सांगताना क्रीझी म्हणाला की तो बहुधा मंगळवार असावा.

हा निर्णय अपमानाच्या छायेत झाला होता. त्याच वर्षी ७ एप्रिलला आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका मोठ्या थाटात जाहीर केली होती. पण तिच्यात एक उणीव होती. प्रोग्रामने मागितलेला स्मृतीचा पत्ता चालता चालता बदलून खऱ्या जागेशी जोडून देणारी यंत्रणा तिच्यात नव्हती, आणि काळवाटपाला, म्हणजे टाइमशेअरिंगला, ती हवीच होती. एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकने मग आपल्या महत्त्वाकांक्षी मल्टिक्स प्रणालीसाठी जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र निवडलं. हा घाव आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरला फार लागला. नॉर्म रासमुसेन यांनी हे केंद्र त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत उभं केलं होतं, आणि ते होतं ५४५ टेक्नॉलॉजी स्क्वेअर या इमारतीत. प्रोजेक्ट मॅकही त्याच इमारतीत होता.

कंपनीने अधिकृत उत्तर म्हणून टीएसएस/३६० ही भलीमोठी प्रणाली हाती घेतली. केंब्रिजच्या मूठभर माणसांकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं, आणि मला वाटतं, त्यांच्या यशाचं अर्धं कारण तेच आहे.

क्रीझी आणि त्याचा सहकारी लेस कोमो यांनी प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. तोवरचे लोक एकच मोठी प्रणाली लिहायला बसत. वाटपही तिनेच करायचं, फायलीही तिनेच सांभाळायच्या आणि प्रत्येक वापरणाऱ्याशी संवादही तिनेच साधायचा. या दोघांनी त्याचे दोन तुकडे केले. एक छोटा प्रोग्राम फक्त वाटप करील. वाटणार काय, तर अख्खा संगणक. प्रत्येकाला स्वतःचा सिस्टिम/३६० मिळेल. त्याला प्रोसेसर असेल, स्मृती असेल, कार्ड वाचायचं यंत्र असेल, छपाईयंत्र असेल, आणि यातलं काहीही खरं नसेल. त्या आभासी यंत्रावर मग एकाच माणसाचं काम पाहणारी साधीसुधी प्रणाली चालवायची. वाटप करणाऱ्याचं नाव कंट्रोल प्रोग्राम, म्हणजे सीपी. एकट्याच्या प्रणालीचं नाव केंब्रिज मॉनिटर सिस्टिम, म्हणजे सीएमएस.

त्यांना यंत्र हवं होतं मॉडेल ५० जातीचं. ती यंत्रं हवाई वाहतूक नियंत्रणाच्या सरकारी प्रकल्पाकडे चालली होती, म्हणून लहान मॉडेल ४० वर भागवावं लागलं. पत्ते बदलण्यासाठी त्याला खास बनवलेली साहचर्य-स्मृती, म्हणजे असोसिएटिव्ह मेमरी, जोडली आणि जन्माला आलं सीपी-४०. जानेवारी १९६७ मध्ये ते रोजच्या वापरात होतं. त्यावर १४ आभासी यंत्रं चालत आणि प्रत्येकाला वाटे की आपल्यापाशी २५६ के स्मृती आहे. खऱ्या यंत्रात सगळी मिळून होती २५६ के! स्मृतीचे ४ के आकाराचे तुकडे पाडून, लागेल तो तुकडा आत घ्यायचा आणि नको तो बाहेर ठेवायचा, अशी ती कसरत होती.

या सगळ्याचं मर्म एका क्षणात आहे. प्रोसेसरच्या काही आज्ञा राखीव असतात. छपाईयंत्र सुरू करणं, स्मृतीचं संरक्षण बदलणं अशी कामं फक्त प्रमुख प्रणालीने करायची असतात. सीपी-४० आभासी यंत्रातल्या प्रणालीला सामान्य प्रोग्रामच्या पायरीवर बसवत असे. तिने राखीव आज्ञा दिली की प्रोसेसर अडून बसे, काम थांबे आणि ताबा सीपीकडे येई. सीपी बघे की हिला काय हवं होतं, तेवढंच तिच्या आभासी यंत्रापुरतं करून देई आणि तिला पुढे सोडी. आतल्या प्रणालीला पत्ताही लागत नसे. ती समजे, आपणच राजे.

प्रोग्रामरसाठी याचा अर्थ फार मोठा होता. तो टाइपरायटरसारख्या टर्मिनलपुढे बसे, नाव सांगून आत शिरे, ‘आयपीएल सीएमएस’ असं टंके आणि त्याचं यंत्र सुरू होई. हव्या त्या पत्त्यावर काय आहे ते बघण्याची, तिथे हवं ते लिहिण्याची, यंत्र थांबवून पुन्हा चालू करण्याची सोय साध्या शब्दांत होती. खऱ्या यंत्रावर नवी प्रणाली तपासायची तर रात्रीअपरात्रीची वेळ मागून घ्यावी लागे, आणि ती कोसळली तर सगळं केंद्र बंद पडे. इथे आपलं यंत्र कोसळलं तरी शेजारच्याला त्याचा आवाजही जात नसे. कमांड लाइनवरून उभं करायचं, मोडायचं आणि पुन्हा उभं करायचं विकासाचं वातावरण १९६७ साली तयार होतं. आजच्या तरुण प्रोग्रामरांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

यापुढची हकिगत तर कादंबरीत शोभेल अशी आहे. मॉडेल ६७ साठी सुधारलेली आवृत्ती सीपी-६७ केंब्रिजमध्ये चालू होती. सिस्टिम/३७० या पुढच्या मालिकेत आभासी स्मृतीची नवी यंत्रणा येणार होती. तिचा आराखडा गुपित होता आणि ती असलेलं यंत्र अजून हाती नव्हतं. केंब्रिजच्या मंडळींनी सीपी-६७ मध्ये बदल करून नसलेल्या ३७० ची नक्कल करणारी आवृत्ती लिहिली. पण त्याच संगणकावर आसपासच्या विद्यापीठांतले विद्यार्थीही काम करत. त्यांच्या नजरेस गुपित पडता कामा नये, म्हणून ही नकली आवृत्ती थेट यंत्रावर चालवलीच नाही, एका आभासी यंत्राच्या आत चालवली. तिच्या आत आभासी ३७०, त्याच्यावर ३७० साठी लिहिलेली सीपी, आणि तिच्याही आत सीएमएस. अशा एकात एक यंत्रांच्या आत बसून लोक जन्माला न आलेल्या संगणकासाठी प्रणाली लिहीत होते. २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं. अधिकृत टीएसएस तोवर मागे पडलं होतं.

१९७४ च्या जुलैमध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या अनुभवाला गणिताची शिस्त दिली. त्यांच्या प्रमेयाचा गाभा असा, की यंत्राची खरी स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक आज्ञा राखीव असली पाहिजे. म्हणजे सामान्य पायरीवरून ती दिली, तर प्रोसेसरने अडलंच पाहिजे. एवढी अट पाळली तर आभासी यंत्र बांधता येतं.

आणि नेमकी हीच अट पुढच्या काळात जगभर पसरलेल्या प्रोसेसरने मोडली.

इंटेलचे एक्स-८६ घराण्यातले प्रोसेसर घराघरांत गेले, त्यांवर विंडोज आलं, लिनक्स आलं. पण त्यांची रचना आभासी यंत्राचा विचार मनात ठेवून केलेली नव्हती. त्यांतली ‘पॉप-एफ’ ही आज्ञा पाहा. प्रोसेसरच्या निशाण्या, म्हणजे फ्लॅग, ती एका फटक्यात बदलते. त्यांतली एक निशाणी ठरवते की बाहेरून येणारे व्यत्यय घ्यायचे की नाही. प्रमुख प्रणालीने ही आज्ञा दिली तर निशाणी बदलते. सामान्य पायरीवरून दिली तर निशाणी बदलत नाही, आणि प्रोसेसर तक्रारही करत नाही. सरकारी कचेरीत अर्ज फेटाळला तर वर दाद मागता येते, पण हसून घेतला आणि खणात टाकला तर आपण समजत राहतो की काम झालं. पॉप-एफचं वागणं असं आहे. आतली प्रणाली समजते की आपण व्यत्यय बंद केले, आणि नेमक्या नाजूक हिशेबाच्या मध्यात घड्याळाचा व्यत्यय येऊन आदळतो. बाहेरच्या व्यवस्थापकाला यातलं काहीच कळलेलं नसतं, कारण प्रोसेसर अडलेलाच नसतो.

काही आज्ञांचं दुखणं उलटं होतं. त्या खरं सांगून टाकत. आपण कोणत्या पायरीवर चालतो आहोत, हे आतल्या प्रणालीला प्रोसेसरची एक नोंदवही, म्हणजे रजिस्टर, वाचून कळत असे, आणि राजेपणाचा भ्रम तिथेच फुटे. २००० साली जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी पेंटियमच्या आज्ञा एकेक करून तपासल्या आणि अशा १७ आज्ञा दाखवून दिल्या. प्रमेयाच्या कसोटीवर पेंटियम नापास होता.

पण त्याआधीच कॅलिफोर्नियात काहींनी ही भिंत ओलांडली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे विद्यार्थी एडवर्ड बुनियाँ व स्कॉट डिव्हाइन यांनी डिस्को नावाचा प्रकल्प केला. त्याचा निबंध १९९७ सालचा. अनेक प्रोसेसर असलेल्या मोठ्या यंत्रासाठी नवी प्रणाली लिहिण्यापेक्षा आयबीएमचा जुना विचार उकरून काढू, असं त्यांनी ठरवलं. जुन्या कपाटातून कल्पना काढून तिला नव्या यंत्रावर उभी करायला धाडस लागतं, कारण विद्यापीठात नव्याचा मान मोठा असतो. डिस्को चाललं, पण ते एमआयपीएस जातीच्या प्रोसेसरसाठी होतं. खरं मैदान एक्स-८६ चं होतं. १९९८ मध्ये रोझेनब्लम, त्यांच्या पत्नी डायॅन ग्रीन, हे दोन विद्यार्थी आणि आणखी एक सहकारी यांनी व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि जे होत नाही असं समजलं जात होतं त्याला हात घातला.

त्यांची युक्ती मला आजही थरारक वाटते. प्रोसेसर अडत नसेल तर त्याच्यावर विसंबायचंच नाही. आतल्या प्रणालीचा कोड चालण्याच्या क्षणभर आधी वाचायचा. एक लहान तुकडा उचलायचा आणि त्यातल्या निरुपद्रवी आज्ञा जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या. पॉप-एफसारखी लबाड आज्ञा दिसली की तिच्या जागी आपल्या ओळी बसवायच्या. त्या ओळी खऱ्या निशाणीला हात न लावता आभासी यंत्राच्या नोंदीत बदल करतात. मग हा भाषांतरित तुकडा चालवायचा आणि जपून ठेवायचा, म्हणजे पुन्हा लागला तर कष्ट नकोत. सामान्य प्रोग्रामांचा कोड मात्र थेट प्रोसेसरवर सोडायचा, कारण तिथे धोका नसतो. चालत्या गाडीची चाकं बदलण्याइतकं हे अवघड काम, आणि तेही वेग टिकवून! मे १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन बाजारात आलं आणि लिनक्सच्या खिडकीत विंडोज चालताना लोकांनी पाहिलं.

हार्डवेअर बनवणाऱ्यांना जाग आली ती नंतर. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आभासी यंत्रांसाठी खास सोय असलेले प्रोसेसर आणले. गंमत पाहा, २००६ मध्ये व्हीएमवेअरच्याच कीथ ॲडम्स आणि ओले ॲगेसेन यांनी दोन्ही पद्धती मोजल्या, तेव्हा त्या पहिल्या पिढीच्या हार्डवेअरपेक्षा भाषांतराची युक्ती अनेक कामांत वेगवान ठरली. हार्डवेअर पुढे सुधारलं आणि वाट सगळ्यांना खुली झाली. लिनक्सच्या गाभ्यात आभासी यंत्रं चालवणारं केव्हीएम आलं. इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स हे आभासी यंत्रांचं सॉफ्टवेअर मुक्त केलं.

म्हणजे आभासी यंत्र परत मिळालं होतं. पण १९६७ च्या प्रोग्रामरकडे असलेली एक गोष्ट अजून परत यायची होती. यंत्र बनवायचं तर खिडक्या उघडायच्या, बटणं दाबायची, स्मृतीचा आकडा भरायचा, प्रणालीची डिस्क जोडायची, स्थापना होईपर्यंत बसून राहायचं, मग डेटाबेस, मग भाषेची नेमकी आवृत्ती. एवढं करून जे यंत्र उभं राही, ते कसं बनलं याची नोंद कुठेच नसे. सहा महिन्यांनी नवा सहकारी आला की सगळं पहिल्यापासून. एकाच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर पडे आणि दोष कोणाचा यावर दिवस जाई. व्हर्च्युअलबॉक्ससोबत कमांड लाइनचं ‘व्हीबॉक्समॅनेज’ हे साधन येत होतं, पण त्याला एकेक गोष्ट सुटी सांगावी लागे. यंत्र बनव, डिस्क बनव, डिस्क जोड, जाळं जोड, सुरू कर.

जानेवारी २०१० मध्ये मिचेल हाशिमोतो या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने यावर फावल्या वेळात काम सुरू केलं. मार्चमध्ये जॉन बेंडरसोबत त्याने पहिली आवृत्ती जाहीर केली. तिचं नाव व्हेग्रंट.

त्याचा विचार असा होता, की यंत्राचं वर्णन एका साध्या फाइलीत, व्हेग्रंटफाइलमध्ये, लिहून ठेवायचं. कोणत्या पायाभूत प्रतीपासून सुरुवात करायची, किती स्मृती द्यायची, आतलं कोणतं पोर्ट बाहेर कुठे उघडायचं, सुरू झाल्यावर कोणती स्क्रिप्ट चालवायची. ही फाइल प्रकल्पाच्या कोडसोबतच ठेवायची. यंत्र म्हणजे आता वाचता येणारा मजकूर झाला. त्याचा इतिहास राहतो आणि त्यातल्या चुकीच्या ओळीवर बोट ठेवता येतं.

‘व्हेग्रंट अप’ असं टंकलं की पडद्याआड बरंच घडतं. सांगितलेली प्रत जवळ नसेल तर ती उतरवली जाते. ती उघडून नवं यंत्र तयार होतं, त्याला जाळ्यातली ओळख मिळते, २२ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या २२२२ शी जोडलं जातं. यंत्र खिडकीशिवाय सुरू होतं आणि आतून एसएसएचचं, म्हणजे दूरून आत शिरायच्या सोयीचं, उत्तर येईपर्यंत व्हेग्रंट वाट पाहतं. मग प्रकल्पाचा फोल्डर आत जोडला जातो आणि शेवटी तुमची स्क्रिप्ट चालते. ‘व्हेग्रंट एसएसएच’ टंकलं की तुम्ही आत. फोल्डर दोन्हीकडून दिसतो, म्हणून कोड आपल्या नेहमीच्या संपादकात लिहायचा आणि चालवायचा आतल्या यंत्रात. संध्याकाळी ‘व्हेग्रंट हॉल्ट’. अवघड प्रयोगाआधी ‘व्हेग्रंट स्नॅपशॉट सेव्ह’, फसला तर ‘रिस्टोअर’. फाइलीत बदल केला तर ‘रिलोड’, फक्त स्क्रिप्ट पुन्हा चालवायची तर ‘प्रोव्हिजन’.

माझ्या मते यातली सर्वांत मोलाची कमांड ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ आहे. तिने यंत्र समूळ जातं, पण तुमचा कोड बाहेर असल्याने तो शाबूत राहतो. ज्याला यंत्र पुसून पुन्हा उभं करायची भीती वाटत नाही, त्यालाच त्याची रचना खरोखर ठाऊक असते. फाइलीत न लिहिता हाताने आत केलेली प्रत्येक गोष्ट या कमांडने उघडी पडते. आठवड्यातून एकदा ती मुद्दाम चालवावी. एक सावधगिरी मात्र हवी. प्रकल्पातला ‘.व्हेग्रंट’ हा लपलेला फोल्डर हाताने पुसू नका. कोणतं यंत्र आपलं, याची खूण त्यात असते. ती गेली तर यंत्र डिस्कवर अनाथ पडून राहतं आणि जागा खातं. जुन्या यंत्रांचा शोध ‘व्हेग्रंट ग्लोबल-स्टेटस’ने लागतो.

हाशिमोतोने २०१२ मध्ये अरमॉन दादगर याच्यासोबत हॅशिकॉर्प ही कंपनी काढली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने आपल्या साधनांचा परवाना बदलला. नव्या आवृत्त्या पूर्वीच्या अर्थाने मुक्त राहिल्या नाहीत, आणि मला हा बदल आवडलेला नाही. आपल्या कामासाठी किंवा वर्गात वापरायला मात्र पैसे पडत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही कंपनी विकत घेतली ती आयबीएमने.

२०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर चालवणारं साधन आलं आणि अनेकांनी व्हेग्रंट बाजूला ठेवलं. वेबसाइट किंवा सेवा चालवायला कंटेनर हलका आणि चपळ असतो, हे खरंच आहे. पण कंटेनर यजमानाच्याच प्रणालीचा गाभा वापरतो. ज्याला तो गाभाच बदलून पाहायचा आहे, फायरवॉल आणि डिस्कचे विभाग शिकायचे आहेत, तीन सर्व्हरचं जाळं उभारून एक बंद पाडून बघायचं आहे, त्याला अख्खं यंत्रच लागतं.

म्हणून महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. सत्राची पहिली प्रॅक्टिकल्स सॉफ्टवेअर बसवण्यात घालवू नका. त्या विषयाची एक व्हेग्रंटफाइल लिहा आणि पहिल्या दिवशी मुलांच्या हाती द्या. मुलांनीही प्रकल्प जमा करताना अहवालासोबत ती फाइल द्यावी आणि परीक्षकांनी ‘व्हेग्रंट अप’ टंकून प्रकल्प चालतो का ते बघावं. ८ जीबी स्मृतीच्या लॅपटॉपवर २ जीबीचं लिनक्स यंत्र चालतं. यंत्र सुरूच झालं नाही तर आधी बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का ते पाहा. काही लॅपटॉप विकत घेतले जातात तेव्हा ती बंदच असते.